खिशातला नट

"दहा मिनिटं झाली का गं?"

"पप्पा, चार झालीत. मघाशी विचारलंत तेव्हा तीन झाली होती."

जयराम गांगुर्डेने गाडीभोवती आणखी एक फेरी मारली. नाशिकच्या जेल रोडवरच्या त्या कॉलनीत प्रत्येक रो-हाऊसपुढे एक गाडी कशीबशी मावेल एवढीच फरशी होती. त्यामुळे फेरी मारायची म्हणजे एका बाजूने भिंतीला पाठ घासत जावं लागे. त्याने ती घासली. मग उलट्या बादलीवर बसला, पुसलेले पाने पुन्हा पुसले, उठला, फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर उगाचच डोकावून आला. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या या माणसाला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण स्वस्थ बसणं काही त्याला अजून जमलं नव्हतं. आणि हल्ली तर जरा बसलं की मनात नको नको ते येई.

त्याने खाकी शर्टाच्या डाव्या खिशावर हात नेला. नट होता. त्याला बरं वाटलं.

ही खिसा चाचपायची सवय त्याला डेपोतल्या उस्तादांनी लावली होती, तीही नोकरीच्या पहिल्याच दिवशी. गाडीच्या वायरिंगला हात घालायचा तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं. त्याचा नट पान्यांच्या डब्यात टाकायचा नाही, बॅटरीवर ठेवायचा नाही. तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. ज्याच्या खिशात नट, त्या माणसाचे हात अजून गाडीत आहेत असं सगळ्यांनी समजायचं. मग ड्रायव्हर घाई करो नाहीतर डेपो मॅनेजर येऊन डोळे वटारो, त्या माणसाने स्वतः बाहेर येऊन खिशातून नट काढल्याशिवाय गाडीत करंट यायचा नाही. उस्तादांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. ते कुठे गेलं असं कुणी विचारलं, की ते नुसता नट काढून दाखवायचे. जयरामने एकदाच विचारलं होतं.

चौतीस वर्षांत त्याच्या एकूण एक शर्टाच्या डाव्या खिशावर एक गोल डाग पडला होता. त्याच्या बायकोने, लताबाईने, लिंबू चोळून पाहिलं, ताक लावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्टही त्यातून सुटला नव्हता.

आजचं काम तसं दीड तासाचं. संजनाच्या गाडीचा कॉम्बिनेशन स्विच बदलायचा होता. स्टिअरिंगच्या मागे डाव्या-उजव्या हाताला ज्या दोन दांड्या असतात, एक दिव्यांची नि एक वायपरची, त्या ज्या पेटीत बसवलेल्या असतात ती अख्खी पेटी. संजना त्याची एकुलती एक लेक, घोटीच्या पुढे एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. ऑगस्टात तिकडे संध्याकाळी सहालाच ढग रस्त्यावर उतरतात. गेल्या गुरुवारी परतताना तिने समोरच्या ट्रेलरला डिपर मारला आणि गाडीचे दिवे गेले. सगळेच. दांडी पुढे-मागे हलवून ते परत येईपर्यंत तीन सेकंद गेली असतील.

"तीन सेकंद केवढी असतात ते मला त्या दिवशी कळलं," ती घरी येऊन आईला म्हणाली. आतल्या खोलीत जयरामने ते ऐकलं, आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"महेशदादाकडे टाकते गाडी," संजना शुक्रवारी म्हणाली.

"महेशकडे कशाला? माझ्या हाताखाली शिकलेला माणूस तो! घरात इलेक्ट्रिशियन असताना तू बाहेर जाणार?"

संजनाने आईकडे पाहिलं. आईने संजनाकडे पाहिलं. जयरामने ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

गोष्ट अशी होती, की गेल्या चार महिन्यांत जयराम विसरायला लागला होता. चष्मा काय, किल्ल्या काय, सगळेच विसरतात. पण मे महिन्यात तो निमाणीच्या स्टँडवर वीस मिनिटं नुसता उभा राहिला होता. येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचत होता आणि आपल्याला कुठे जायचंय तेच त्याला आठवत नव्हतं. शेवटी रिक्षा करून घरी आला नि ट्रॅफिकला शिव्या घातल्या. लताबाईने काही विचारलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

महेशचं वागणंही तसंच. डेपोतली नोकरी सोडून त्याने द्वारका चौकाजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं होतं, त्यालाही पंधरा वर्षं झाली. निवृत्तीनंतर जयराम मंगळवारी नि शुक्रवारी तिथे जाऊन बसे. बसे म्हणजे काम करी. नव्या गाड्या, त्यांच्या एअरबॅगा, सेन्सर हे सगळं तो तिथेच, साठीला टेकल्यावर, शाळकरी पोरासारखं वहीत लिहून शिकला होता. महेशला त्याचं फार कौतुक. पण परवा जयराम चहा पिऊन जरा लवकर परतला, तर त्याने बसवलेलं टर्मिनल महेश हाताने हलवून बघत होता.

"धूळ पुसत होतो, उस्ताद," महेश म्हणाला. त्याच्या हातात फडकं नव्हतं.

म्हणून हा स्विच. दोन दांड्यांची ती पेटी नीट बसली की लेकीचा रस्ता उजेडाचा होईल, हे तर झालंच. पण त्याहून मोठं एक ओझं जयरामच्या छातीवर होतं. आपले हात अजून शाबूत आहेत, आणि हातांना हुकूम देणारं डोकंही शाबूत आहे, हे त्याला आज बघायचं होतं. दुसऱ्या कुणाच्या आधी त्याला स्वतःला.

"किती झाली?"

"सात. पप्पा, बसा ना जरा. तुम्ही फिरताय त्याने मलाच चक्कर येतीय."

सुरुवातच खरं तर धड झाली नव्हती. सकाळी लताबाई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली. त्यानंतर त्याने बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना बॅटरीच्या नटावर ठेवून एक आटा सैल केला, तेवढ्यात गल्लीच्या टोकाचा सावळीराम फाटकात येऊन उभा. सावळीराम मूळचा लासलगावकडचा, मंडपवाल्याच्या खुर्च्या-भांडी आपल्या टेम्पोतून पोचवायचा.

"भाऊ, टेम्पो काय चालूच होईना! काल तुम्ही हॉर्न दुरुस्त करून दिला तवर बरा व्हता. आज नुसता टक टक करतोय. दोनशे खुर्च्या पोचवायच्यात, तिकडं लोक बोंबलत्यात."

"बॅटरी उतरली असेल. धक्का मारून बघ."

"मारला की! घाम निघाला."

"मग दम धर. हे हातातलं उरकलं की येतो."

"लय येळ नका लावू भाऊ," असं म्हणत सावळीराम गेला. जयरामने सवयीने खिसा चाचपला. नट होता. त्याने बॉनेट खाली टेकवलं आणि संजनाला सांगितलं, "घड्याळ लाव. दहा मिनिटं स्टिअरिंगला हात नाही लावायचा."

दहा मिनिटं ती एअरबॅगसाठी. बॅटरी सोडली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा करंट दबा धरून राहतो, तो जिरू द्यावा लागतो. नाहीतर स्टिअरिंगच्या पोटात घडी घालून ठेवलेली ती पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत माणसाच्या तोंडावर फुटते. अपघातात ती जीव वाचवते, आणि दुरुस्ती करणाऱ्याचं नाक, दात, कान काहीही नेते. हे सगळं त्याने सकाळी संजनाला समजावून सांगितलं होतं. संजना बाळंतपणं करणारी बाई, ती असल्या वर्णनांना घाबरत नसे. ती फक्त म्हणाली, "मग नीट दहा मोजू."

"झाली दहा," ती आता म्हणाली.

जयराम एकदम शांत झाला. गाडीच्या दारात शिरताना त्याचं वय दहा वर्षांनी कमी होई, असं लताबाई म्हणायची, ते खोटं नव्हतं. पुढची चाकं सरळ आहेत ना ते त्याने वाकून बघितलं. सीट मागे ढकलली आणि स्टिअरिंगसमोर न बसता दाराकडून तिरका टेकला. स्टिअरिंगच्या पाठीमागे बोटभर भोक असतं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून आतली तार दाबली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. जिच्या पोटात एअरबॅग असते ती हॉर्नची गादी सुटी होऊन पुढे आली. तिच्यामागे एअरबॅगची पिवळी वायर दिसली.

"पिवळी दिसली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा," तो पुटपुटला. हे त्याच्या वहीतलं वाक्य होतं.

पिवळ्या प्लगला छोटं कुलूप असतं. त्याने बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या कुलपाला लावलं आणि डोकं आत घालून नीट बघू लागला.

संजना फाटकाशी उभी होती. बापाची सवय लेकीत उतरली होती, तिलाही स्वस्थ उभं राहता येत नसे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. आणि किल्लीवरची बटणं ती विचारात असली की उगाच दाबत राही, घरात, दवाखान्यात, कुठेही. तिने दाबलं.

टुक टुक.

समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड दोनदा पडला आणि गेला.

दोघंही जागच्या जागी थिजली. बॅटरी सोडलेली गाडी बोलत नाही, हे कळायला इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही. जयरामची दोन बोटं अजून त्या पिवळ्या प्लगवर होती आणि गादी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्याला काय करायचं ते सुचेना. हात ओढायचा की तसाच ठेवायचा, एवढंसुद्धा सुचेना.

"पप्पा," संजना हळू आवाजात म्हणाली. अडलेल्या बाईशी ती ज्या आवाजात बोलत असेल, तो आवाज होता. "काही ओढू नका. काही दाबू नका. नुसता हात काढा. हां. आता दुसरा. आता मागे या."

तो मागे आला. त्याने दाराचा आधार घेतला, मग पुढे जाऊन बॉनेट उचललं.

टर्मिनल जागेवर होतं. त्यावर नट होता, एक आटा सैल केलेला, तसाच.

मग खिशात काय आहे? त्याने तो नट काढून तळहातावर घेतला. एका कडेला निळा रंग लागलेला होता. हा निळा त्याला ठाऊक होता. काल संध्याकाळी हॉर्न दुरुस्त करताना सावळीरामच्या टेम्पोची बॅटरी ज्या पेटीत होती, तिला सावळीरामने हौसेने निळा ऑइलपेंट फासला होता. नुसता टक टक करतोय, असं सावळीराम मघाशी म्हणाला होता. काल काम झाल्यावर टर्मिनल हाताने दाबून बसवलं असणार आणि नट याच शर्टाच्या खिशात राहिला असणार. असणार, कारण त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

किल्ली बंद असताना ती पिशवी फुटलीच असती असं नाही. जयरामला भीती तिची वाटली नाही. चौतीस वर्षं ज्या खिशावर हात ठेवून तो निर्धास्त झाला, तो खिसा आज त्याला खोटं बोलला होता. आता चाचपायचं तरी कशाला?

"राहू द्या आता," संजना म्हणाली. "मी महेशदादाला फोन करते. तो येईल इथे."

"कर!" जयराम ओरडला. "कर ना! सगळ्या नाशिकला कर! सांग, म्हातारा कामातून गेला!"

संजनाने फोन खाली केला. तो भिंतीला पाठ घासत गाडीच्या पलीकडे गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. पाने डब्यात टाकले, पुन्हा काढले. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून बघितलं नि आत गेलं.

"आईला सांगू नकोस," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"नाही सांगत."

आणखी एक फेरी झाली.

"सांगावं लागेल गं," तो म्हणाला आणि बादलीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. ते पुसायला हात वर नेला, तर हाताला ग्रीस. संजनाने ओढणीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले. त्यानेही पुसू दिले.

मग तो उठला. त्याने दहा नंबरचा पाना घेतला, नट पूर्ण सोडवला, टर्मिनल उचलून बाजूला वाकवलं आणि त्याला फडकं गुंडाळलं. नट घेऊन हात आपोआप छातीकडे निघाला होता. वाटेतच त्याने तो थांबवला.

"हात पुढे कर."

संजनाने केला. त्याने नट तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

"हा तुझ्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही. मी गाडीतून बाहेर येऊन दोन्ही हात दाखवीन, तेव्हाच द्यायचा. रागावलो तरी नाही. समजलं?"

"समजलं." तिने नट कुर्त्याच्या खिशात टाकला.

"एकदा किल्ली दाबून बघ."

तिने दाबली. गाडी गप्प राहिली.

"आता वीस मिनिटं."

"दहा ना?"

"आज वीस," जयराम म्हणाला आणि निळ्या कडेचा नट मुठीत धरून फाटकाबाहेर पडला. संजना त्याच्या मागे.

सावळीरामचा टेम्पो गल्लीच्या टोकाला खुर्च्यांनी भरून उभा होता आणि सावळीराम चाकाला टेकून कुणालातरी फोनवर गयावया करत होता. जयरामने बॅटरीची निळी पेटी उघडली. टर्मिनल नुसतं वर टेकलेलं होतं, बोटाने उचललं तर निघून आलं.

"आयला! ह्याच्यावर नटच नाय की!" सावळीराम वाकून बघत म्हणाला. "कुठं पडला म्हणायचा?"

"पडला नाही. माझ्याकडे आहे." जयरामने मूठ उघडली. "काल मी लावायचा विसरलो."

विसरलो हा शब्द त्याने चार महिन्यांत पहिल्यांदा तोंडातून काढला होता. संजना बाजूला उभी राहून ऐकत होती.

"अहो, मग त्यात काय येवढं!" सावळीराम हसायला लागला. "व्हतं असं. मी परवा मंडपवाल्याकडं गेलो, तर टेम्पोच घरी विसरलो. चालत गेलो मर्दासारखा!"

"हसू नकोस. हायवेला मध्येच बंद पडला असता, मागून एखादा ट्रक आला असता, तर?"

सावळीरामचं हसू मावळलं. त्याने जयरामकडे नीट पाहिलं, मग संजनाकडे. "पडला नाय ना पण," तो हळूच म्हणाला. "आन तुम्ही आले ना सांगाया. लावा तो नट. मी च्या सांगतो."

नट जयरामने लावला नाही. त्याने पाना सावळीरामच्या हातात दिला आणि त्याच्याकडून तो आवळून घेतला. टेम्पो पहिल्याच सेल्फला धडधडला. चहाला जयराम थांबला नाही.

वीस मिनिटं झाल्यावर काम नव्याने सुरू झालं. या वेळी जयराम प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलत होता आणि संजना दाराशी उभी राहून हो म्हणत होती.

"पिवळा प्लग काढला."

"हो."

"ही गादी घे. तुझ्या अंगापासून लांब धर. चामड्याची बाजू वर. वरच. उलटी ठेवलीस आणि फुटली तर उडून छताला जाईल. तिकडे सावलीत ठेव, कुणी जाणार नाही अशा जागी."

तिने दोन्ही हातांनी, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला न्यावं तशी ती गादी नेली आणि मागच्या पायरीवर ठेवून दार लावून आली.

मधला मोठा नट त्याने सैल केला, पण पूर्ण काढला नाही, दोन आटे राखले. का राखले तेही सांगितलं. "स्टिअरिंग घट्ट बसलेलं असतं. जोर लावून ओढलं आणि एकदम सुटलं, तर तोंडावर येतं. माझ्या डोळ्यांदेखत एकाचा दात गेलाय." स्टिअरिंग आणि ते ज्यावर बसतं तो दांडा, दोन्हींवर त्याने खडूने एकच रेघ मारली, परत बसवताना ती जुळायला हवी. स्टिअरिंग निघाल्यावर मागची चकती दिसली. तिच्यात एअरबॅगची वायर गुंडाळलेली असते, म्हणून ती जराही फिरू नये यासाठी त्याने तिला चिकटपट्टी लावली. हे सगळं करताना त्याचे हात इतके सहज चालत होते, की संजना हो म्हणायचं विसरून बघत राहिली. लहानपणी ती डेपोत डबा घेऊन जायची तेव्हाही असेच चालायचे.

"हो म्हण," जयराम म्हणाला.

"हो."

जुनी पेटी निघाली. आतला एक पितळी पत्रा जळून काळा पडला होता. गुरुवारी तीन सेकंद दिवे त्या एवढ्याशा पत्र्यामुळे गेले होते. जयरामने तो नखाने खरवडला नि बाजूला ठेवला. नवी पेटी हातात घेतली, मागे लोंबणारे तीन प्लग दुसऱ्या हातात घेतले, आणि थांबला.

कोणता कुठे? त्याच्या समोर तीन प्लग होते, तीन जागा होत्या, आणि मध्ये काहीच नव्हतं. आठवत नव्हतं असंही नाही. आठवायचं असतं म्हणजे काय करायचं असतं, तेच जणू कुणी पुसून टाकलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. संजनाला ते दिसलं. ती पुढे झाली नाही. खिशातल्या नटावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

मग दिवे परत यावेत तसं त्याला सगळं परत दिसलं. मोठा प्लग दिव्यांचा, चपटा वायपरचा, लहान हॉर्नचा. त्याने एक एक बसवला. प्रत्येक बसताना टक असा आवाज आला.

"दिवे गेले होते का?" संजनाने विचारलं.

"गेले होते," जयराम म्हणाला. "आले."

खडूची रेघ रेघेला जुळली. मोठा नट आवळला गेला. संजनाने गादी आणून दिली, पिवळा प्लग बसला, त्याचं कुलूप लागलं. जयराम गाडीतून उतरला, चार पावलं मागे सरला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. संजनाने दोन्ही हातांकडे बघितलं. खरंच बघितलं, आधी एक, मग दुसरा. मगच नट खिशातून काढला.

टर्मिनल तिनेच बसवलं. "अजून अर्धा आटा," तो लांबून म्हणाला. "बास. जास्त आवळलं की पेच जातो." किल्लीही तिनेच फिरवली, स्टिअरिंगसमोर न बसता, खिडकीतून हात घालून. काचेमागे एअरबॅगचा लाल दिवा पेटला. दोघांनी मनातल्या मनात मोजलं. सहाव्या सेकंदाला तो विझला. मग तिने आत बसून डिपर मारला. भिंतीवरचा उजेड वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. एकदाही तुटला नाही. डावा इंडिकेटर लागला, उजवा लागला. वायपरने कोरडी काच पुसली.

"वा!" फाटकातून लताबाई म्हणाली. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर तसाच होता. "झालं वाटतं?"

"झालं," जयराम म्हणाला.

लताबाईने संजनाकडे पाहिलं. तेच पाहणं. एरवी अशा वेळी तो काहीतरी निमित्त काढून आत जात असे. आज गेला नाही.

"तिला नको विचारू," तो म्हणाला. "मीच सांगतो. चहा टाक आधी."

चहा होईपर्यंत त्याने महेशला फोन लावला. गॅरेजला रविवारी सुट्टी असे, महेश घरी जेवायला बसत होता.

"महेश, मंगळवारी येतोय मी."

"या की उस्ताद. विचारायचं काय त्यात?"

"ऐक. यायचंय, पण नट माझ्या खिशात नको. काम मी करीन, नट तू ठेव. मी विसरून खिशात टाकला तर काढून घे. सगळ्यांसमोर घेतलास तरी चालेल."

पलीकडे ताटावर पोळी वाढल्याचा आवाज आला.

"उस्ताद... झालं काय?"

"झालं काही नाही. होऊ नये म्हणून सांगतोय. जेव तू."

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात लताबाईने संजनाला दिव्याखाली ओढलं होतं. तिच्या फिक्या पिवळ्या कुर्त्याच्या खिशावर ग्रीसचा काळपट गोल उमटला होता, रुपयाएवढा.

"अगं, नवा कुर्ता ना हा? टाक, भिजत घालते. लिंबू लावून बघते लगेच."

जयराम दारात उभा होता. त्याचा हात डाव्या खिशावर गेला होता आणि खिसा रिकामा होता, तरी त्याने तो लगेच काढला नाही.

"नाही जायचा तो," तो म्हणाला आणि चहाचा कप घ्यायला आत आला.